शांत पंख्यामागचे गणित

सप्टेंबर २०२४ मध्ये तीन ‘परम रुद्र’ महासंगणक राष्ट्राला अर्पण झाले. गणनवेग वाढला की उष्णता वाढते आणि तिच्यामागून पंख्यांचा गोंगाट येतो.

त्या गोंगाटाचे गणित मात्र जेट विमानांच्या काळातले. १९५२ साली जेम्स लाइटहिल यांनी दाखविले, की मुक्त झोताची ध्वनिशक्ती वेगाच्या आठव्या घाताने वाढते. १९५५ मध्ये कर्ल यांनी घन पृष्ठभाग विचारात घेतले; तेथे घात सहा ठरला.

संगणकाच्या रेडिएटरवरील पंखा याच गणितात बसतो. फेरे निम्मे केले, की हवा निम्मी होते. ध्वनिशक्ती मात्र या हिशेबाने चौसष्टाव्या हिश्श्यावर येते. म्हणूनच मोठा, मंद पंखा शांत. परंतु स्थिर दाबही चौथाईवर उतरतो आणि रेडिएटरच्या दाट पात्यांतून हवा रेटण्यास तोच लागतो. तेव्हा नवा पंखा निवडताना केवळ हवेच्या प्रवाहाचा आकडा पाहू नये. कमी फेऱ्यांवर तो किती दाब देतो, हेही तपासावे.