एका ओळीच्या राजीनाम्याची कुळकथा

१० ऑक्टोबर १९७३. अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो अॅग्न्यू दुपारी बाल्टिमोरच्या फेडरल कोर्टात उभे होते आणि तिकडे वॉशिंग्टनमध्ये त्यांचं पत्र परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांच्या कार्यालयात दाखल होत होतं. पत्रात वाक्य एकच: पदाचा राजीनामा देतो, तो ताबडतोब लागू व्हावा. कारणाचं नाव नाही. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनाही त्याच दिवशी लांबलचक पत्र गेलं, पण कायद्याच्या लेखी खरा राजीनामा किसिंजरकडचाच.

परराष्ट्रमंत्र्याकडे का? आपल्याकडे उपराष्ट्रपती राष्ट्रपतींकडे राजीनामा देतात, हे घटनेतच लिहिलं आहे. अमेरिकेच्या घटनेत राजीनाम्याचा उल्लेख आहे, तो द्यायचा कुणाकडे हे मात्र नाही. ती उणीव १ मार्च १७९२ च्या कायद्याने भरली: सही केलेला लेखी कागद परराष्ट्रमंत्र्याच्या कार्यालयात पोचवायचा, दुसरा पुरावा चालणार नाही. त्या काळी हे खातं परदेशाइतकंच घरचंही काम बघे. सरकारी शिक्का, कायद्यांच्या प्रती सगळं तिथेच. म्हणजे आपल्याकडच्या जुन्या दप्तरदारासारखंच. गंमत अशी की, राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष ही दोन्ही पदं रिकामी झाली तर राष्ट्राध्यक्षाची खुर्ची कुणाकडे जावी, हे ठरवणाराही हाच कायदा. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन त्या रांगेत नकोत, असा अर्थमंत्री हॅमिल्टनच्या गटाचा आग्रह होता. खुर्चीचा वारसा जेफरसनना मिळाला नाही, राजीनाम्याची आवक तेवढी त्यांच्याकडे आली.

पुढे चाळीस वर्षं असा कागद कुणी पाठवलाच नाही. २८ डिसेंबर १८३२ ला उपराष्ट्राध्यक्ष जॉन कॅल्हून यांनी पहिला पाठवला. त्यात भानगड नव्हती. राष्ट्राध्यक्ष जॅक्सनशी फाटलं होतं आणि साउथ कॅरोलायनाने त्यांना सेनेटवर निवडलं होतं. तसं त्यांनी पत्रात लिहिलंही.

अॅग्न्यूंची गोष्ट टक्केवारीची. १९६२ मध्ये ते बाल्टिमोर काउंटीचे प्रमुख म्हणून निवडून आले, मग मेरीलँडचे गव्हर्नर झाले. सरकारी वकिलांच्या म्हणण्यानुसार, सार्वजनिक कामं मिळवणारे इंजिनिअर त्यांना रोख पैसे पोचवत आणि ते उपराष्ट्राध्यक्ष झाल्यावरही पाकिटं थांबली नाहीत. त्यासाठी चाळीस पानांचा तपशील कोर्टात दाखल झाला. अॅग्न्यूंनी लाचेचा आरोप कधीच मान्य केला नाही.

सप्टेंबरात त्यांनी एक डाव टाकून पाहिला, आणि तोही कॅल्हूनच्याच नावाने. युद्धमंत्री असतानाच्या कंत्राटावरून आरोप झाले, तेव्हा कॅल्हूननी प्रतिनिधिगृहाकडूनच चौकशी मागून घेतली होती आणि ते त्यातून निर्दोष सुटले होते. अॅग्न्यूंनी तीच मागणी केली. सभापती कार्ल अल्बर्ट यांनी प्रकरण कोर्टापुढे आहे म्हणत दुसऱ्याच दिवशी हात झटकले. पहिला दाखला चालला नाही, म्हणून कॅल्हूनचा दुसरा दाखला गिरवावा लागला.

मग तडजोड. १९६७ च्या उत्पन्नावरचा कर चुकवल्याच्या एकाच आरोपावर अॅग्न्यूंनी बचाव करणार नाही असं सांगितलं. दहा हजार डॉलर दंड, तीन वर्षं परिवीक्षा, तुरुंग नाही. ॲटर्नी जनरल इलियट रिचर्डसन यांनी एवढं सैल सोडलं, याचं कारण निक्सनना घेरणारं वॉटरगेट प्रकरण. निक्सन पडले असते तर ती खुर्ची अॅग्न्यूंनाच मिळाली असती. शिक्षा बुडाली तरी चालेल, माणूस रांगेतून बाहेर हवा, असा तो हिशेब होता. मला तो आजही बरोबरच वाटतो.

दहा महिन्यांनी, ९ ऑगस्ट १९७४ ला, किसिंजरकडे निक्सन यांचंही तसंच एका वाक्याचं पत्र आलं. किसिंजरनी त्यावर ११.३५ ही वेळ टाकून आद्याक्षरं केली. १७९२ ची ती तरतूद अजून लागू आहे. तिला सही लागते, पोच लागते. कारण लागत नाही.