व्होल्ट आणि ॲम्पिअरवरून रोध व शक्ती : उपकरणावरील आकड्यांचा हिशेब

घरगुती विद्युत उपकरणाच्या तळाशी एक छोटी पट्टी असते आणि तिच्यावर दोन-तीन आकडे छापलेले असतात. बहुतेकांचे लक्ष तिकडे जाते ते उपकरण जळाल्यानंतर. भारतातून अमेरिकेत आणि अमेरिकेतून भारतात सामान नेणाऱ्या आपल्यासारख्यांनी मात्र हे आकडे आधीच वाचावेत. शालेय पुस्तकातील दोन सूत्रे त्यासाठी पुरेशी आहेत.

पाठ्यपुस्तकात ज्याला विभवांतर म्हणतात तो विद्युतदाब व्होल्टमध्ये मोजतात, धारा ॲम्पिअरमध्ये, रोध ओहममध्ये आणि शक्ती वॅटमध्ये. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या नियमानुसार रोध = दाब ÷ धारा. शक्तीचे सूत्रही तितकेच सरळ : शक्ती = दाब × धारा. या दोहोंच्या संयोगातून आणखी दोन रूपे मिळतात. शक्ती म्हणजे दाबाचा वर्ग भागिले रोध, किंवा धारेचा वर्ग गुणिले रोध. दुसरे रूप इंग्लंडच्या जेम्स जूल यांच्या नावाशी जोडलेले आहे. तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे त्यांनी १८४१ मध्ये प्रसिद्ध केले.

आता पुण्याहून आणलेली इस्त्री घेऊ. पट्टीवर २३० व्होल्ट, १००० वॅट असे लिहिले आहे. धारा १००० ÷ २३०, म्हणजे सुमारे ४.३५ ॲम्पिअर, रोध २३० ÷ ४.३५, म्हणजे सुमारे ५३ ओहम. इस्त्रीतील तार अमेरिकेत आल्याने बदलत नाही, तिचा रोध तोच राहतो. येथील १२० व्होल्टवर तिच्यातून जेमतेम २.२७ ॲम्पिअर धारा वाहील आणि शक्ती भरेल सुमारे २७२ वॅट. दाब निम्मा झाला, पण उष्णता जवळपास चौथ्या हिश्शावर आली. सुती सदऱ्याच्या सुरकुत्या काही जाणार नाहीत, नुकसान एवढेच.

उलट दिशेचा प्रवास मात्र धोक्याचा आहे. १२० व्होल्टची १२०० वॅटची इस्त्री येथे १० ॲम्पिअर घेते, म्हणजे तिचा रोध १२ ओहम. तीच मुंबईच्या घरी केवळ पिन बदलणारा ॲडॅप्टर लावून जोडली, तर धारा १९ ॲम्पिअरवर आणि शक्ती ४४०० वॅटवर जाईल. भारतातील मोठे सॉकेटसुद्धा १६ ॲम्पिअरचेच असते. ॲडॅप्टर पिनांचा आकार बदलतो, दाब नव्हे. हे ठाऊक असलेली माणसेही सुट्टीच्या घाईत विसरतात.

हा हिशेब तापणाऱ्या उपकरणांना नेमका लागू पडतो, सर्वांना नाही. मिक्सरची मोटर फिरताना स्वतःच उलट दाब निर्माण करते. त्यामुळे नुसत्या तारेच्या रोधावरून तिची धारा काढता येत नाही. चटणीच्या भांड्यात पाते अडकले की तो उलट दाब नाहीसा होतो, धारा एकदम वाढते आणि जळका वास येतो. मोबाइलचा चार्जर आणखी निराळा. १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेला चार्जर कमी दाबावर अधिक धारा घेऊन शक्ती जवळपास तेवढीच राखतो.

या सूत्रांचा खरा उपयोग मला कळला तो एका हिवाळ्यात, भाड्याच्या घरात. हीटरचा प्लग वितळून सॉकेटला चिकटला होता, तरी ब्रेकर ट्रिप झाला नव्हता. याचे कारण कागदावर मांडता येते. १२० व्होल्टचा १५०० वॅटचा हीटर १२.५ ॲम्पिअर घेतो; त्याचा रोध ९.६ ओहम. सॉकेटमधील पकड सैल होऊन तेथे केवळ अर्ध्या ओहमचा रोध उद्भवला असे धरू. एकूण रोध १०.१ ओहम झाला, म्हणून धारा थोडी घटून ११.९ ॲम्पिअर झाली. आता त्या सैल जागेची शक्ती काढू : ११.९ चा वर्ग गुणिले ०.५, म्हणजे सुमारे ७० वॅट. जुना साठ वॅटचा दिवा हाताला चटका देत असे. त्याहून अधिक उष्णता येथे प्लॅस्टिकच्या चिमूटभर जागेत कोंडली जाते. ब्रेकर केवळ धारा पाहतो, आणि धारा तर कमीच झालेली असते. त्याच्या लेखी सारे आलबेल!

म्हणूनच हीटर थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडावा, बारीक तारेच्या एक्स्टेंशनला नव्हे. त्या सर्किटवर दुसरे जड उपकरणही नको, कारण येथील १५ ॲम्पिअरच्या सर्किटवर तासन्‌तास चालणारा भार १२ ॲम्पिअरच्या आसपासच असावा असा संकेत आहे. मल्टिमीटरने रोध मोजायचा तर उपकरण आधी सॉकेटमधून काढावे. चालू विजेवर रोध कधीही मोजू नये. हीटर अर्धा तास चालल्यावर तो बंद करून प्लगला हात लावून पाहावा. कोमट असेल तर ठीक. धरवत नसेल तर हीटर पुन्हा लावू नये, आणि घरमालकाला सॉकेट बदलायला लावावे.