मुदत रात्री बारापर्यंत

संस्था काल्पनिक आहे, बिघाड मात्र अस्सल. बारावीनंतरच्या मुलांना शिष्यवृत्ती देणारा एक ट्रस्ट, अपाची सर्व्हरवर चालणारी त्याची वेबसाइट आणि ऑनलाइन अर्जाचा शेवटचा दिवस.

सकाळी ११:०० (मुदतीला १३ तास)

वेबसाइट दोन पत्त्यांवर उघडते, 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लावून आणि न लावता. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' असलेला एकच पत्ता ठेवायचं ठरतं. डेव्हलपर 'डॉट एचटीअॅक्सेस' फाइलमध्ये दोन ओळी घालतो: जुन्या पत्त्यावर कुणी आलं की ३०१ हा संकेत देऊन नव्या पत्त्यावर पाठवायचं. हे काम करणारं अपाचीचं मॉड-रीराइट हे मॉड्यूल राल्फ एंगेलशाल यांनी १९९६ मध्ये लिहिलं, आणि ते आजही तितकंच ताकदवान आहे. या फाइलसाठी सर्व्हर रीस्टार्ट करावा लागत नाही. सेव्ह केली की पुढच्याच विनंतीला नियम लागू.

सकाळी ११:१०

मुखपृष्ठ उघडतं. अर्जाचं पान उघडतं. मोबाइलवरही सगळं ठीक. अर्ज भरून 'पाठवा' मात्र कुणी दाबत नाही. त्या बटणामागे अर्ज कुठे जायचा तो पत्ता पूर्ण लिहिलेला आहे, आणि तो जुना, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेला आहे.

दुपारी १:३० (साडेदहा तास)

तालुक्याच्या गावातला सायबर कॅफे. एका मुलीने तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला स्कॅन करून जोडलाय, गुणपत्रिका जोडलीय, बँक खात्याचा नंबर दोनदा तपासलाय. ती बटण दाबते. चाक फिरतं, पान परत येतं. सगळे रकाने कोरे. लाल अक्षरात चूक नाही, 'अर्ज मिळाला' असंही नाही.

"दादा, परत कोरा आला."

"नेट स्लो आहे. परत भर."

नेटचा काही दोष नाही. ब्राउझरने अर्ज 'पोस्ट' पद्धतीने जुन्या पत्त्यावर पाठवला. सर्व्हरने आतला मजकूर अर्ज घेणाऱ्या प्रोग्रामपर्यंत नेलाच नाही, फक्त ३०१ म्हणून नवा पत्ता सांगितला. ब्राउझर तिकडे गेला, पण आता साध्या 'गेट' विनंतीने, मजकुराशिवाय. खिडकीवरच्या माणसाने 'ऑफिस शेजारच्या इमारतीत गेलं' म्हणावं आणि आपण कागद तिथेच टाकून रिकाम्या हाताने शेजारी जावं, तसं हे. नव्या पत्त्यावरच्या प्रोग्रामला काहीच मिळालं नाही, म्हणून त्याने कोरा फॉर्म दाखवला. तो चुकला नाही. ब्राउझरही आजच्या नियमाने चुकला नाही. १९९६ च्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात काही ब्राउझर ३०१ नंतर पोस्टचं गेट करतात, हे चूक म्हणूनच नोंदवलं होतं. पुढे तीच सवय सगळीकडे इतकी रुळली, की २०१४ च्या नियमांनी तिला मुभा दिली.

दुपारी ४:०० (आठ तास)

ट्रस्टच्या कार्यालयात फोन सुरू होतात. उत्तर ठरलेलं: कॅशे साफ करा, दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघा. वेबसाइट चालू आहे का हे दर काही मिनिटांनी पाहणारी सेवा सगळं हिरवं दाखवते, कारण ती फक्त पान उघडून बघते.

संध्याकाळी ६:३० (साडेपाच तास)

डेव्हलपर स्वतःच्या लॅपटॉपवर असलेल्या वेबसाइटच्या प्रतीत तोच अर्ज भरतो. जमा होतो. त्या प्रतीत अर्जाचा पत्ता लोकलहोस्टचा, म्हणजे त्याच लॅपटॉपचा आहे, आणि तिथे हा नियमच नाही. मग संशय फाइलींच्या आकारावर जातो. तोही अगदी निराधार नाही: पीएचपीमध्ये पोस्टची ठरलेली मर्यादा ८ एमबी असते, ती ओलांडली तरी प्रोग्रामला सगळे रकाने रिकामेच मिळतात. लक्षण हुबेहूब तेच. मर्यादा वाढवली जाते. फरक शून्य. या चुकीच्या वाटेवर पावणेतीन तास जातात, आणि याच वेळात कॅफे मुलांनी भरलेले असतात.

रात्री ९:१५ (पावणेतीन तास)

अखेर चालू वेबसाइटवर ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडून कुणीतरी बटण दाबतं. एका क्लिकच्या दोन ओळी: पोस्ट, ३०१. लगेच खाली गेट, २००. सगळं उत्तर या दोन ओळींत आहे. सर्व्हरच्या लॉगमध्ये सकाळी अकरापासून अशाच जोड्या, पानंच्या पानं.

रात्री ९:४०

घाईत ३०१ चं ३०२ केलं जातं. काही बदलत नाही, ३०२ नंतरही ब्राउझर पोस्टचं गेटच करतात. पद्धत आणि मजकूर दोन्ही जपणारे संकेत ३०७ आणि ३०८. कायमच्या बदलासाठी ३०८, जो २०१५ मध्ये प्रमाणित झाला.

रात्री १०:२० (एक तास चाळीस मिनिटं)

नियमात ३०८ येतो. फॉर्ममधला पूर्ण पत्ता काढून नुसता अंतर्गत मार्ग लिहिला जातो. खरा इलाज हाच. पहिला अर्ज डेटाबेसमध्ये उतरतो. पण कॅफे बंद झालेत, शेवटची एसटी गेलीय. कितीतरी मुलांनी कोरं पान पाहून 'गेला असेल' असंच धरलंय.

रात्री १२:००

अर्ज घेणं आपोआप बंद होतं.

गेलेले अर्ज परत मिळवता येत नाहीत. अपाचीचा नेहमीचा लॉग वेळ, आयपी पत्ता आणि मागितलेला मार्ग नोंदवतो. पोस्टमधला मजकूर नाही. मोबाइल नेटवर एकाच आयपीमागे अनेक जण असतात, एकाच मुलाने चारदा बटण दाबलेलं असतं. म्हणजे नावं तर नाहीतच, नेमका आकडाही नाही. अशा वेळी मुदत वाढवणं हा ट्रस्टचा उपकार नव्हे, कर्तव्य आहे. ती नुसती वेबसाइटवर जाहीर करूनही भागणार नाही, कारण अर्ज गेला असं समजणारी मुलं तिथे पुन्हा फिरकणार नाहीत. सकाळी कार्यालय उघडताच कॉलेजांना फोन करा.