एका नांवाचे अनेक धनी

ज्युबिलीचें वर्ष आलें, म्हणजे पॅरिशच्या कपाटांतील बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या बाहेर निघतात आणि आपल्या आजोबा-पणजोबांचीं नांवें शोधण्याकरितां लोक त्यांवर वांकून बसतात. अशा वहीचीं दहा-बारा पानें उलटलीं, कीं एक गोष्ट सहज ध्यानांत येते : माणसें पुष्कळ, पण नांवें थोडीं. तोच फ्रान्सिस, तोच अंतोन, तीच मरिया, तोच थॉमस पिढ्यान् पिढ्या येत राहतो. ह्यांतील एक शेतकरी होता, एक सुतार होता, एक शाळामास्तर होता, एखादा कदाचित् सर्व गांवाला डोईजड झालेला इसमही होता. परंतु वहीला त्याचें कांहीं नाहीं. तिच्यांत सर्वांना सारखी एकेक ओळ. मुलाला कोणतें नांव दिलें हें वही सांगते. त्या मुलानें पुढें त्या नांवाचें काय केलें, हें ती सांगत नाहीं.

तें सांगण्याचें काम इतिहासाचें आहे. म्हणून आज वाचकांपुढें एकाच नांवाच्या अनेक माणसांची हकीकत ठेवण्याचें योजिलें आहे. नांव थॉमस, काळ सोळावें शतक, स्थळ इंग्लंडचा राजा आठवा हेन्री ह्याचा दरबार. ह्या एका दरबारांत थॉमस नांवाचे इतके पुरुष एकत्र आले होते, कीं कोणी नुसती ‘थॉमस’ अशी हांक मारली असती, तर कार्डिनल, वकील, मंत्री, सेनापति, कवि व गवई असे सर्वच वळून पाहते. आणि ह्या हकीकतीचा धागा धरून पुढें जातां तो इंग्लंडांत संपत नाहीं; तो आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावर, आपल्या मराठी भाषेंत येऊन पोहोंचतो.

थॉमस हें मुळांत विशेषनाम नव्हतेंच. प्रभु येशूच्या काळीं जी अरामी भाषा बोलली जाई, तींत ‘तोमा’ म्हणजे जुळा. शुभवर्तमानांत ह्या प्रेषिताला ‘दिदुम’ असेंही म्हटलें आहे. तो त्याच अर्थाचा ग्रीक शब्द. आपण ह्या प्रेषिताला संशयी म्हणून ओळखतों. परंतु लाझारसाच्या मरणानंतर प्रभु धोका पत्करून यहूदियांत परत जावयास निघाला, तेव्हां आपणही जाऊन त्याच्याबरोबर मरूं, असें इतर शिष्यांस सांगणारा तोच होता, ह्याची आठवण पुष्कळांस राहत नाहीं. केरळांतील ख्रिस्ती लोकांच्या परंपरेप्रमाणें तो इ. स. ५२ मध्यें मलबार किनाऱ्यावर उतरला व पुढें मैलापूर येथें त्यानें रक्तसाक्ष दिली. त्याचा सण पूर्वीं २१ डिसेंबरला येत असे. १९६९ च्या सुधारलेल्या पंचांगापासून तो ३ जुलैला पाळण्यांत येऊं लागला.

इंग्लंडांत हें नांव पूर्वीं फारसें आढळत नसे. सुमारें ११२० सालीं लंडनच्या चीपसाइड भागांत एका व्यापाऱ्याच्या घरीं मुलगा जन्मला. दिवस २१ डिसेंबरचा, म्हणून त्याचें नांव थॉमस ठेविलें, असें सांगतात. हाच थॉमस बेकेट. दुसऱ्या हेन्री राजाचा तो जिवलग मित्र व चॅन्सेलर झाला. परंतु ११६२ मध्यें कँटरबरीचा आर्चबिशप झाल्यावर ख्रिस्तसभेच्या हक्कांसाठीं तो त्याच राजापुढें उभा ठाकला, आणि २९ डिसेंबर ११७० रोजीं राजाच्या चार सरदारांनीं त्याला त्याच्याच कॅथीड्रलांत ठार केलें. तीन वर्षांच्या आंत पोप तिसरे अलेक्झांडर ह्यांनीं त्याला संतपद दिलें. त्याच्या कबरीकडे सर्व युरोपांतून यात्रेकरू येऊं लागले, आणि इंग्लंडांत घरोघरीं मुलांस थॉमस हें नांव पडूं लागलें. आठव्या हेन्रीच्या दरबारांतील थॉमसांची गर्दी ही बऱ्याच अंशीं त्या एका बलिदानाची फलश्रुति होय.

ह्या दरबारी थॉमसांमध्यें वयानें वडील थॉमस लिनेकर, राजाचा वैद्य. इटलींत जाऊन तो ग्रीक भाषा व वैद्यक शिकून आला होता. १५१८ मध्यें लंडन येथें त्यानें वैद्यांची संस्था स्थापन केली. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स ती हीच. तिची सनद मिळविण्याच्या कामीं थॉमस वुल्झीचें साहाय्य झालें, आणि लिनेकरापाशीं ग्रीक शिकलेल्यांत थॉमस मोर हा एक होता. उतारवयांत लिनेकरानें याजकपदाची दीक्षा घेतली आणि पुढील वादळ उठण्यापूर्वीं, १५२४ मध्यें, तो निवर्तला. नांवबंधूंपैकीं सर्वांत सुखी हाच म्हणावयाचा.

थॉमस वुल्झी हा इप्सविचचा; त्याचा बाप खाटिक होता असें सांगतात. बुद्धीच्या व कष्टाच्या जोरावर तो यॉर्कचा आर्चबिशप, १५१५ मध्यें कार्डिनल आणि त्याच वर्षीं लॉर्ड चॅन्सेलर झाला. चवदा वर्षें राज्याचा सारा कारभार त्याच्या हातीं होता. परंतु राजाला राणी कॅथरीनपासून मोकळें होऊन ॲन बोलिनशीं लग्न करावयाचें होतें, आणि तशी परवानगी रोमहून मिळविणें वुल्झीला जमलें नाहीं. १५२९ मध्यें त्याचें पद गेलें. पुढल्या वर्षीं राजद्रोहाच्या आरोपावरून त्याला पकडलें, आणि लंडनकडे नेतांना वाटेंत लेस्टर येथें २९ नोव्हेंबर १५३० रोजीं तो मरण पावला. ज्यानें राजाची मर्जी हाच आपला आधार केला, त्याला ती मर्जी फिरतांच उभें राहावयास जागा उरली नाहीं.

त्याच्या जागीं आला थॉमस मोर. हा धंद्यानें वकील. ‘युटोपिया’ ह्या १५१६ मध्यें छापलेल्या लॅटिन ग्रंथानें त्याची कीर्ति युरोपभर झालेली. त्याचा जन्म १४७८ मधला, लंडनच्या मिल्क स्ट्रीटमध्यें, म्हणजे थॉमस बेकेटच्या जन्मस्थानापासून थोड्याच पावलांवर. लॉर्ड चॅन्सेलरची वस्त्रें त्यानें अडीच वर्षें वागविलीं. पण राजा ख्रिस्तसभेचा धनी होऊं पाहतो हें दिसतांच १५३२ मध्यें तीं उतरवून ठेविलीं. राजाविरुद्ध त्यानें बंड केलें नाहीं, पत्रकें काढलीं नाहींत. केवळ आपल्या सदसद्विवेकबुद्धीविरुद्ध शपथ घेण्याचें नाकारलें. ह्यासाठीं त्याला टॉवरच्या तुरुंगांत टाकलें. लिहिण्याचें साहित्य काढून घेतलें होतें, तेव्हां शेवटचें पत्र त्यानें आपली कन्या मार्गारेट हिला कोळशानें लिहिलें. त्यांत आपल्याला उद्यांच देवाकडे जावयास मिळालें तर बरें, अशी इच्छा त्यानें व्यक्त केली. कारण दुसरा दिवस संत थॉमस बेकेटच्या जुलैमधील सणाच्या आदल्या दिवसाचा होता. आणि तसेंच झालें. ६ जुलै १५३५ रोजीं त्याचा शिरच्छेद करण्यांत आला. त्या घटकेलाही आपलें नांव आपल्याला कोणापासून मिळालें, ह्याचें भान त्याला होतें. बरोबर चारशें वर्षांनीं, १९३५ मध्यें, पोप अकरावे पायस ह्यांनीं त्याला संतपद दिलें; २००० सालीं पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं त्याला राज्यकर्त्यांचा व राजकारणी पुरुषांचा आश्रयदाता संत ठरविलें.

मोरवर खटला चालला त्या वेळीं राजाच्या कारभाराचीं सूत्रें थॉमस क्रॉमवेलच्या हातीं होतीं. हा पटनी येथील एका लोहाराचा मुलगा, पूर्वींचा वुल्झीचा नोकर. कामाला वाघ, हिशेबाला चोख. मठ मोडून त्यांची मालमत्ता खजिन्यांत जमा करण्याचें काम त्यानेंच पार पाडलें. ह्या थॉमसाच्या चरित्रांतील १५३८ हें वर्ष आपण मुद्दाम लक्षांत ठेविलें पाहिजे. त्या वर्षीं कँटरबरी येथील संत थॉमस बेकेटची कबर फोडण्यांत आली, तिच्यावरील सोनें व रत्नें राजाच्या खजिन्यांत गेलीं, आणि नोव्हेंबरांत फर्मान निघालें, कीं हा बेकेट संत नव्हे. त्याचें नांव सर्व प्रार्थनापुस्तकांतून खोडून टाकावें. त्याप्रमाणें नांव खरडून काढलेल्या त्या काळच्या पोथ्या आजही पाहावयास मिळतात. आणि त्याच १५३८ च्या सप्टेंबरांत ह्याच क्रॉमवेलनें दुसरा हुकूम काढला होता : प्रत्येक पॅरिशनें एक वही ठेवावी, तींत प्रत्येक बाप्तिस्मा, विवाह व दफन ह्यांची दर आठवड्याला नोंद करावी, आणि ती वही दोन कुलुपांच्या पेटींत जपून ठेवावी. म्हणजे एका हातानें एका थॉमसाचें नांव पुस्तकांतून पुसलें, आणि दुसऱ्या हातानें गोरगरिबांच्या मुलांचीं नांवें पुस्तकांत कायम केलीं! कॅथॉलिक पॅरिशांच्या वह्यांना ट्रेंटच्या परिषदेचा नियम लागला तो १५६३ मध्यें. त्याच्या पंचवीस वर्षें आधींची ही गोष्ट. शत्रूचें चांगलें काम चांगलें म्हणण्यास आपण कां कचरावें? परंतु क्रॉमवेलचाही आधार राजाची मर्जीच. एक लग्न त्यानें जुळवून दिलें, राजाला नवरी आवडली नाहीं, आणि २८ जुलै १५४० रोजीं क्रॉमवेलचेंही मस्तक उडविण्यांत आलें.

बाकीच्या नांवबंधूंची हकीकत थोडक्यांत सांगतों. ज्यानें कॅथरीन राणीचा विवाह रद्द ठरविला, तो कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर. इंग्लिश प्रार्थनापुस्तकाची भाषा बव्हंशीं त्याची. राज्य पालटल्यावर त्यानें आपलीं मतें सोडल्याचें लिहून दिलें, पुढें तें लिहिणें नाकारलें, आणि १५५६ मध्यें ऑक्सफर्ड येथें जळतांना ज्या हातानें तें लिहिलें तो हात प्रथम अग्नींत धरिला. त्याचीं मतें आमचीं नव्हत. पण तें मरण पाहून कोणीही मान खालीं घालील. नॉरफोकचा ड्यूक थॉमस हॉवर्ड हा सेनापति. त्यालाही देहान्ताची शिक्षा ठरली होती. पण आदल्या रात्रीं, २८ जानेवारी १५४७ रोजीं, राजाच मेला, आणि ड्यूक पुढें आपल्या अंथरुणावर मेला. थॉमस वायट हा कवि. सुनीत हा काव्यप्रकार इटलीहून इंग्लिश भाषेंत आणण्याचा मान त्याचा. दोनदां टॉवरचा तुरुंग पाहून तो १५४२ मध्यें तापानें वारला. थॉमस टॅलिस हा गवई. वॉल्थमच्या मठांत त्याची नोकरी होती. १५४० मध्यें तो मठ मोडला आणि नोकरी गेली. पुढें तो राजाच्या प्रार्थनामंदिरांत लागला व चार राज्यकर्त्यांच्या अमदानींत गात राहिला. उपासनेची भाषा लॅटिनची इंग्लिश व इंग्लिशची पुन्हां लॅटिन झाली. त्यानें दोन्हींना चाली दिल्या. चाळीस स्वतंत्र आवाजांकरितां त्यानें रचलेलें स्तोत्र आजही गातात.

असो. नांव खोडण्याचें फर्मान निघून सुमारें अकरा वर्षें झालीं, आणि विल्टशायर परगण्यांत थॉमस स्टीफन्स नांवाच्या व्यापाऱ्याला मुलगा झाला. बापानें त्याचें नांव थॉमसच ठेविलें! पुस्तकांतून नांव खरडतां येतें. लोकांच्या जिभेवरून खरडतां येत नाहीं. हा मुलगा मोठा झाल्यावर त्याचा थॉमस पाउंड नांवाच्या श्रीमंत दरबारी गृहस्थाशीं स्नेह जडला. दोघांनीं मिळून रोमला जाऊन येशूसंघांत प्रवेश करण्याचा बेत केला. परंतु निघण्यापूर्वींच पाउंड पकडला गेला. स्टीफन्स एकटाच रोमला पोहोंचला, १५७५ मध्यें येशूसंघांत दाखल झाला, आणि आपल्या मित्राकरितां त्यानें तेथें रदबदली केली. तेव्हां १५७८ मध्यें पाउंडला तुरुंगांतच पत्रानें येशूसंघांत घेण्यांत आलें. त्यानें निरनिराळ्या तुरुंगांत मिळून सुमारें तीस वर्षें काढलीं. एका थॉमसाच्या वांट्याला कोठडी आली, दुसऱ्याच्या वांट्याला समुद्र.

स्टीफन्स ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून निघाला व ऑक्टोबरांत गोव्यास उतरला. तेथून त्यानें आपल्या वडिलांस, म्हणजे थॉमसानें थॉमसास, लिहिलेलें प्रवासाचें पत्र प्रसिद्ध आहे. पुढील सुमारें चाळीस वर्षें साष्टी प्रांतांत त्यानें घालविलीं. तेथील भाषा तो मुळापासून शिकला. कोंकणीचें व्याकरण लिहिलें, तें त्याच्या मरणानंतर १६४० मध्यें राचोल येथें छापलें. आणि पुराणें ऐकण्याची संवय असलेल्या नवख्रिस्ती लोकांकरितां त्यानें मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचिलें. हा सुमारें अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ १६१६ मध्यें राचोल येथें छापून निघाला, आणि पुढें पुष्कळ काळ साष्टीच्या देवळांतून वाचला जाई. त्याच्या आरंभीं परदेशी माणसानें मराठी भाषेची जी थोरवी गाइली आहे, ती आपण जन्मजात मराठी माणसांनीं वाचून अंतर्मुख व्हावें अशी आहे. १६१९ मध्यें तो गोव्यांतच देवाघरीं गेला. येथें त्याला कोणी फादर स्टीफन्स म्हणे, कोणी पाद्री एस्तेव्हांव म्हणे. ज्या थॉमस नांवासाठीं त्याच्या देशांत एवढें रण माजलें, तें येथें बहुधा कोणी उच्चारीतही नसे. काम तेवढें उरलें.

आपल्या वसईच्या लोकांस ह्या नांवाची एक जवळची आठवण आहे. १९९८ मध्यें वसई धर्मप्रांत निराळा झाला, तेव्हां त्याचे पहिले बिशप झाले थॉमस डाबरे, ज्यांनीं तुकारामांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिला. साष्टींतील थॉमसानें ख्रिस्ताची कथा ओवींत आणिली. वसईच्या थॉमसानें अभंगाच्या कर्त्याचा अभ्यास केला. चार शतकांच्या अंतरानें दोघांनीं तोच रस्ता तुडविला.

वाचकहो, नांवाचा अर्थ जुळा. पण ह्या थॉमसांपैकीं कोणते दोन एकमेकांसारखे निघाले? एकाच राजानें त्यांना तेंच एक विचारलें : माझें ऐकतां, कीं तुमच्या अंतःकरणाचें? प्रत्येकानें उत्तर स्वतःचें दिलें, आणि त्या उत्तरानेंच तो ओळखला जातो. म्हणून ह्या ज्युबिलीच्या वर्षीं जुन्या वहींत आपल्या घराण्याचें नांव सांपडलें, तर नुसतें बोट ठेवून पुढें जाऊं नका. त्या नांवाच्या माणसानें काय केलें, हें घरांतील वडील माणसांस विचारा, तें लिहून ठेवा. आणि तेंच नांव आज ज्या मुलाला दिलेलें असेल, त्याला जवळ बसवून ती हकीकत सांगा. त्याची ओळ वहींत लिहिली गेली आहे. तिच्या पुढचें त्यालाच लिहावयाचें आहे.