बार्शी रोड ते कुर्डुवाडी : एका स्थानकाचे नाव आणि काम

आपल्याकडे रेल्वेचा इतिहास लिहिला जातो तो बहुधा कंपन्यांचा, भांडवलाचा आणि घाट फोडणाऱ्या अभियंत्यांचा. स्थानकांचा इतिहास त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. आणि स्थानकाच्या नावाचा व तेथील कामकाजाच्या शब्दांचा विचार तर इतिहासाच्या कक्षेत येतो असेही पुष्कळांना वाटत नाही. वस्तुतः ही नावे व हे शब्द कागदपत्रांइतकेच बोलके पुरावे आहेत, आणि कित्येकदा कागदपत्रे जे सांगत नाहीत ते त्यांतून कळते. प्रस्तुत लेखात सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडी या स्थानकाचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे. हे स्थानक निवडण्याचे कारण असे की, येथे गावाने स्थानक वसविले नाही, स्थानकाने गाव वसविले. आणि ज्या गावाला स्थानकाने वाढविले त्याचे नाव मात्र त्या स्थानकाच्या पाटीवर कित्येक वर्षे नव्हते.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा खंडाळा ते पुणे हा भाग १८५८ मध्ये सुरू झाला. पुण्याहून आग्नेयीस जाणारा मार्ग १८५९ मध्ये माढा तालुक्यातील एका मोकळ्या माळावर येऊन पोहोचला. तेथे जे स्थानक उघडण्यात आले त्याला कंपनीने ‘बार्शी रोड’ असे नाव दिले. पुढच्याच वर्षी, १८६० मध्ये, हा मार्ग मोहोळवरून सोलापूरपर्यंत गेला आणि १८७१ मध्ये रायचूर येथे मद्रास रेल्वेला मिळाला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. १८५९ साली बोरघाटाची चढण अद्याप बांधून व्हावयाची होती. ती १८६३ मध्ये पुरी झाली. म्हणजे पहिली तीन-साडेतीन वर्षे बार्शी रोडला गाडीत चढविलेला माल खंडाळ्याला उतरवावा लागे, घाटाखाली न्यावा लागे आणि तेथे पुन्हा गाडीत भरावा लागे. माल एका गाडीतून उतरवून दुसरीत भरण्याचे हे काम या स्थानकाच्या वाट्याला पुढे वेगळ्या कारणाने आले आणि शंभर वर्षांहून अधिक काळ टिकले. त्याचा विचार पुढे येईलच.

प्रथम नावाकडे वळू. ‘रोड’ हा शब्द जोडलेली स्थानके आपल्या परिचयाची आहेत : नाशिक रोड, अक्कलकोट रोड, श्रीगोंदा रोड, लातूर रोड. या नावांतील ‘रोड’ म्हणजे रस्त्यावरचे स्थानक नव्हे. ‘अमुक गावाला जावयाचे असल्यास येथे उतरावे व येथून रस्ता धरावा’ एवढा सारा अर्थ त्या एका शब्दात भरलेला आहे. मराठी स्थलनामांची नेहमीची घडण याहून वेगळी. ‘बुद्रुक’, ‘खुर्द’, ‘कसबा’, ‘पेठ’, ‘वाडी’ ही पदे त्या त्या वस्तीचे स्वतःचे स्वरूप सांगतात. ‘रोड’ हे पद मात्र जागेविषयी काहीच सांगत नाही. ते दुसऱ्या जागेकडे बोट दाखवते. ज्या बार्शीकडे ते बोट दाखवीत होते ती सुमारे पस्तीस किलोमीटर दूर होती. कंपनीच्या दृष्टीने हे नाव सयुक्तिकच होते. बार्शी ही बालाघाटावरून उतरणाऱ्या कापसाची, गळिताच्या धान्याची मोठी पेठ. निजामाच्या हद्दीला लागून असल्यामुळे तिकडचाही माल तेथे येई. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-१८६५) हिंदी कापसाला जो अभूतपूर्व भाव आला त्या काळात तर बार्शी हेच नाव व्यापाऱ्याला ठाऊक असणार. भोवतालच्या माळाला कोण विचारतो?

पण त्या माळालाही नाव होते. जवळच कुर्डू नावाचे गाव आहे आणि कुर्डुवाडी म्हणजे त्या कुर्डूची वाडी. (कुर्डू ही पावसाळ्यात शेताच्या बांधावर उगवणारी एक रानभाजीही आहे; गावाचे नाव तिच्यावरून पडले असण्याचा संभव मोहक असला तरी केवळ उच्चारसाम्यावर असा निष्कर्ष काढणे मला प्रशस्त वाटत नाही.) ‘वाडी’ हा शब्द मूळ गावावर अवलंबून असलेल्या लहान वस्तीचा वाचक आहे. आज ही ‘वाडी’ नगरपरिषद असलेले शहर आहे आणि मूळ कुर्डू हे तिच्या शेजारचे खेडे. शब्दाचा अर्थ तसाच राहिला, पण वस्तुस्थिती नेमकी उलटली; हे उलटणे घडवून आणले ते रेल्वेने. यथाकाल पाटीवरचे ‘बार्शी रोड’ जाऊन तेथे ‘कुर्डुवाडी’ आले. स्थानकाभोवती जे गाव उभे राहिले होते ते आता स्वतःच्या नावाने हाक मारण्याइतके मोठे झाले होते, एवढाच या नामांतराचा अर्थ.

आता या स्थानकाला ज्यामुळे खरे महत्त्व आले त्या अरुंदमापी मार्गाकडे येऊ. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप (१८५७-१९२७) हा इंग्रज अभियंता १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत आला. मुख्य मार्गापासून दूर पडलेल्या बाजारपेठांना हलक्या व स्वस्त रेल्वेने जोडावे, ही कल्पना त्याच्या मनाने घेतली आणि तिच्यासाठी त्याने बार्शी निवडली. १८९५ मध्ये लंडन येथे बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाउन हा मार्ग सुरू झाला. एकीकडे ‘रोड’ आणि दुसरीकडे ‘टाउन’, अशी ही जोडी. रस्त्याची जागा रुळांनी घेतली तरी ‘रोड’ हे नाव मात्र चालूच राहिले. स्थलनामे वस्तुस्थितीच्या मागे किती रेंगाळतात याचे हे एक चांगले उदाहरण होय.

मुख्य मार्गाचे माप साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर. बार्शी लाइटचे अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. इतक्या अरुंद रुळांवर चालणारी गाडी म्हणजे खेळणे, असा समज तेव्हा होता आणि पुढेही राहिला. तो बरोबर नव्हता. कॅल्थ्रॉपचे तत्त्व असे की, इंजिन असो वा डबा, कोणत्याही एका आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार पडू द्यावयाचा नाही. भार सर्व आसांवर सारखा वाटला गेला की यार्डाला अवघ्या तीस पौंड वजनाचा रूळही पुरतो. हलका रूळ पुरला की मार्गाचा खर्च उतरतो. आणि खर्च उतरला की बार्शीसारख्या पेठेलाही स्वतःची रेल्वे परवडते. लीड्स येथील किटसन कंपनीने या मार्गासाठी बांधलेल्या पहिल्या इंजिनांना चार जोड्या चालकचाके व मागे दोन जोड्या वाहकचाके होती. त्यांची रचना याच तत्त्वावर केलेली होती. या गृहस्थाने पुढे विमानातून उडी घेणाऱ्यांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाची हवाई छत्रीही तयार केली. वजन कसे पेलावे, हा एकच प्रश्न त्याला जन्मभर पुरला असे दिसते.

या मार्गाचा विस्तार सांगावयाचा तर तो थोडक्यात असा : १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. एकूण लांबी २०२ मैल, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटर. यांतील लातूरचा फाटा निजामाच्या राज्यात जात होता, तर मिरजेचा फाटा दक्षिणी संस्थानांच्या मुलखात. म्हणजे कुर्डुवाडीच्या एका बाजूला मोंढा व दुसऱ्या बाजूला पेठ. एका बाजूला हैदराबादी अंमल व दुसऱ्या बाजूला पटवर्धनांचे संस्थान. या साऱ्यांची गाठ या एका स्थानकात पडत असे. १९०६ पूर्वी आषाढी-कार्तिकीला रेल्वेने येणारे वारकरी येथे उतरून सुमारे पन्नास किलोमीटरची वाट पायी किंवा गाडीबैलाने काटीत. त्यानंतर ते येथेच उतरून समोरच्या लहान गाडीत बसू लागले. उतरणे मात्र दोन्ही काळांत चुकले नाही.

हे उतरणे, हाच कुर्डुवाडीचा खरा इतिहास आहे. दोन मापांमध्ये तीन फुटांचे अंतर. त्या तीन फुटांमुळे मुंबईहून आलेली वाघीण लातूरला जाऊ शकत नव्हती की लातूरची वाघीण मुंबईला. लातूरहून आलेले प्रत्येक पोते येथे माणसाच्या पाठीवर चढले आणि उतरले. स्थानकाच्या सोयी म्हणून ज्या ज्या गोष्टी येथे उभ्या राहिल्या त्यांच्या मुळाशी हीच अडचण होती. दोन मापांचे फलाट, माल बदलण्याचा धक्का, अरुंदमापी इंजिनांची व डब्यांची दुरुस्ती करणारा कारखाना, कामगारांची वसाहत, आणि दुसऱ्या गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशांवर चालणारी चहा-भजीची दुकाने, ही सारी अडचणीची अपत्ये. अर्थशास्त्रज्ञ मापांच्या भिन्नतेला राष्ट्रीय अपव्यय म्हणतात आणि ते योग्यच आहे. परंतु त्या अपव्ययावर एका गावाची चूल तीन-चार पिढ्या पेटत होती, हेही इतिहासाने नोंदविले पाहिजे.

येथील कामाचे शब्दही पाहण्यासारखे आहेत. ‘वाघीण’ हाच शब्द घ्या. इंग्रजी ‘वॅगन’ मराठीत येताना तिला वाघाची मादी का व्हावे लागले? केवळ विनोदाने नव्हे. मराठी बोलणाराच्या मनात ‘गाडी’ हा शब्द स्त्रीलिंगी. तेव्हा मालगाडीचा घटकही स्त्रीलिंगी हवा. परक्या शब्दातील शेवटचा ‘-अन’ हा ध्वनी माळीण, तेलीण, वाघीण यांतील ‘-ईण’ या ओळखीच्या प्रत्ययाजवळ गेला, आणि आधीचा ‘वॅग’ हा ‘वाघ’ होऊन बसला. त्यानंतर त्याची रूपे बिनतक्रार चालली : वाघिणी, वाघिणीत, वाघिणींची. परकीय शब्द मराठी झाला की नाही याची कसोटी शब्दकोश देत नाही. त्याचे सामान्यरूप होते की नाही यावरून ती लागते. ‘फलाट’ या शब्दाविषयीही असेच म्हणता येईल. ‘प्लॅटफॉर्म’मधील आरंभीचे जोडाक्षर स्वर घालून फोडणे आणि लांबलचक शेपूट टाकून देणे, या दोन्ही प्रवृत्ती आपल्या बोलींत सर्वत्र दिसतात.

याहून मला अर्थपूर्ण वाटतात ते दुसरे दोन शब्द. रेल्वेतील मदतनीस कामगाराला ‘खलाशी’ म्हणतात, आणि माल चढविण्या-उतरविण्याच्या जागेला ‘मालधक्का’. खलाशी हा जहाजावरचा माणूस; धक्का ही बंदराची जागा, भाऊचा धक्का ही त्याची मुंबईकरांना माहीत असलेली खूण. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, जेथे पाण्याचेच दुर्भिक्ष, त्या माढा तालुक्यात हे शब्द कसे आले? रेल्वे मुंबई बंदरातून निघाली आणि बंदराचीच परिभाषा तिने घाटावर आणली, असाच याचा अर्थ लावावा लागतो. आणि ‘हमाल’ हा अरबी शब्द तर पेठेतही होता व बंदरातही. कुर्डुवाडीच्या धक्क्यावर त्या दोन्ही परंपरा एकत्र आल्या. या शब्दांचे येथील उच्चार, त्यांचे स्थानिक अर्थभेद, आणि माल बदलण्याच्या कामात पाठीमागे सुटून गेलेले इतर शब्द यांचे पद्धतशीर संकलन व्हावयास हवे. ते काम करणारी पिढी आज वृद्ध आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधिकेसाठी विषय मिळत नाही अशी तक्रार विभागात नेहमी ऐकू येते. हा विषय गाडीने काही तासांच्या अंतरावर आहे.

बार्शी लाइट ही खाजगी कंपनीची रेल्वे १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ताब्यात घेतली व ती मध्य रेल्वेत विलीन झाली. लोकांच्या तोंडी मात्र ‘बार्शी लाइट’ हेच नाव राहिले. पुढची पन्नास वर्षे लहान गाडी चालत राहिली आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी रुंदमापी मार्गाचे काम टप्प्याटप्प्याने झाले. प्रथम पंढरपूरकडील भाग, मग २००८ पर्यंत लातूरकडील, आणि त्यानंतर मिरजेपर्यंतचा. लातूरकडील मार्ग बदलताना त्याला वळण देऊन तो उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्याच्या ठिकाणी नेण्यात आला. जुन्या मार्गाने त्या शहराला बाजूला ठेवले होते. आता लातूरचा प्रवासी मुंबईला जाताना कुर्डुवाडीला उतरत नाही. बहुधा तो त्या वेळी झोपेत असतो.

माप एक झाल्याने काय साधले याचे एक उदाहरण नोंदवून हा लेख संपवितो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराचे पाणी संपले. त्या वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याने भरलेल्या टाक्यांची गाडी लातूरला पाठविण्यात आली. पहिल्या फेरीला दहा वाघिणी होत्या, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर; पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेस पंचवीस लाख लिटर पाणी नेऊ लागली. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर हा तिचा मार्ग मुख्यतः कॅल्थ्रॉपच्या रेल्वेचाच होता. फक्त रुळांतील अंतर तीन फुटांनी वाढले होते, आणि त्यामुळे कुर्डुवाडीच्या धक्क्यावर ते पाणी उतरवून घ्यावे लागले नाही.