चेनमधल्या बुशाची कुळकथा

जुन्या बुलेटची उतरवलेली चेन घ्या, एका कडीच्या पिनेचं डोकं ग्राइंडरवर घासून काढा आणि पिन ठोकून बाहेर पाडा. हातात पाच तऱ्हेचे भाग येतात: बाहेरच्या प्लेटा, आतल्या प्लेटा, पिन, पिनेवरची बारीक नळी आणि त्या नळीवर मोकळा फिरणारा रोलर. प्लेटा दणकट दिसतात, रोलर चकाकतो. नळीकडे मात्र सहसा कुणाचं लक्ष जात नाही. ती नळी म्हणजे बुश. मोटरसायकलच्या मागच्या चाकाला साखळी आली, टिकली आणि शंभर वर्षांनंतरही बहुतेक मोटरसायकलींवर तीच आहे, याचं सगळ्यात मोठं श्रेय मी या नळीला देतो.

साखळीची कल्पना तशी जुनीच. लिओनार्डो दा विंचीच्या वह्यांत प्लेटा आणि पिना जोडून केलेल्या साखळ्यांची रेखाटनं आहेत. पण कागदावरची साखळी आणि दिवसभर ओढ सोसणारी साखळी यांत फार अंतर होतं. इंग्लंडमध्ये मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डमध्ये जेम्स स्लेटर कापडगिरण्यांच्या यंत्रांसाठी साखळ्या बनवायचा. 1864 मध्ये त्याने आपल्या साखळीचं पेटंट घेतलं. तिच्यात एक उणीव राहिली होती: पिनेला आधार काय तो आतल्या प्लेटांच्या जाडीएवढा. सगळी ओढ त्या अरुंद कडेवर यायची. थोड्याच दिवसांत पिनेवर खाच पडे, प्लेटेचं भोक लांबट होई आणि साखळी दातांवरून उड्या मारू लागे.

1879 मध्ये हान्स रेनॉल्डने स्लेटरचा हा छोटा धंदा विकत घेतला. रेनॉल्ड मूळचा स्वित्झर्लंडमधल्या आराऊचा, जन्म 1852 चा. पुढच्याच वर्षी, 1880 मध्ये, त्याने बुश-रोलर चेनचं पेटंट घेतलं. त्याने आतल्या दोन प्लेटांच्या भोकांत एक नळी घट्ट दाबून बसवली आणि पिन त्या नळीतून नेली. आता पिन प्लेटेच्या कडेवर टेकत नव्हती, नळीच्या सबंध लांबीवर टेकत होती. ओढ तेवढीच, पण ती सोसणारी जागा कितीतरी मोठी. शिवाय पिन आणि नळी यांच्यामध्ये तेल धरून ठेवायला एक बंदिस्त फट मिळाली. नळीवरचा रोलर दातांवर घासण्याऐवजी गोल फिरू लागला. साखळी अधिक जाड किंवा अधिक जड करून हे साधलं नसतं. झीज कुठे होते हे नेमकं ओळखून रेनॉल्डने ती पसरवून टाकली, आणि यंत्रविद्येतल्या थोर युक्त्यांत मी तिची गणना करतो.

या साखळीचं भाग्य पहिल्यांदा उजळलं ते सायकलीवर. 1885 मध्ये जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर आली. पेडल मध्ये, साखळी मागच्या चाकाला आणि दोन्ही चाकं जवळजवळ सारखी. मोटरसायकल याच सायकलीच्या पोटी जन्मली. तरीही सुरुवातीच्या बहुतेक मोटरसायकलींनी साखळी सोडून चामड्याचा पट्टा धरला.

याला कारण होतं. एका सिलिंडरचं इंजिन ओढतं ते धक्क्याधक्क्याने. पट्टा थोडा घसरतो, थोडा ताणला जातो, आणि त्या घसरण्यातच धक्का विरून जातो. क्लच आणि गिअर नसलेल्या गाडीला हा मोठाच आधार होता. पण पिठाच्या गिरणीचा पट्टा ज्याने दमट हवेत सुटताना पाहिलाय, त्याला पुढचं सांगायला नको. पाऊस आला की पट्टा घसरे, चढावर नेमका दगा देई. लोक जादा पट्टा बरोबर बाळगत आणि रस्त्याच्या कडेला बसून बदलत.

अमेरिकेत ऑस्कर हेडस्ट्रॉमने बांधलेल्या इंडियन मोटरसायकलीला मात्र 1901 पासूनच साखळी होती. इंग्लंडमध्ये फेलन अँड मूर आणि आल्फ्रेड स्कॉट हेही साखळीच्याच बाजूचे. दोन पक्षांची गाठ पडली ती 1911 मध्ये आइल ऑफ मॅन बेटावर. त्या वर्षी टीटी ही मोटरसायकलींची शर्यत पहिल्यांदाच स्नेफेल डोंगराच्या घाटातून नेली. एक फेरी साठ किलोमीटरच्या आसपास, सीनिअर शर्यतीला अशा पाच फेऱ्या. एवढ्या चढाला गिअर हवेत, आणि गिअरने वाढलेली ओढ चाकापर्यंत न घसरता पोचायला हवी. दोन गिअरच्या, इंजिन ते गिअर आणि गिअर ते चाक अशी दोन्हीकडे साखळी असलेल्या इंडियन गाड्यांनी पहिले तिन्ही क्रमांक घेतले. जिंकला ऑलिव्हर गॉडफ्री. दुसरा आलेला चार्ली कॉलियर नेमून दिलेल्या जागेबाहेर पेट्रोल भरल्याने बाद झाला, म्हणून तिसरी जागाही इंडियनला गेली. पुढे 1912 आणि 1913 मध्ये स्कॉटने तीच शर्यत मारली, तीही साखळीवरच. एवढं होऊनही पट्ट्याची सवय लगेच सुटली नाही. 1915 च्या ट्रायम्फ मॉडेल एचमध्ये इंजिनापासून गिअरबॉक्सपर्यंत साखळी आणि तिथून मागच्या चाकापर्यंत पट्टाच होता. पहिल्या महायुद्धात निरोप्यांनी ती गाडी हजारोंनी वापरली.

साखळी घसरत नाही, हाच तिचा गुण आणि हीच तिची अडचण. पट्टा जो धक्का गिळत होता, तो आता सरळ दातांवर, आऱ्यांवर आणि टायरवर जाऊन आदळू लागला. यावर रेडिचच्या रॉयल एनफील्डने पहिल्या महायुद्धाआधीच तोड काढली, तिचं नाव कश ड्राइव्ह. मागच्या हबच्या पोटात तीन पाकळ्या, ड्रमच्या बाजूला तीन, आणि दोहोंमध्ये सहा रबरी ठोकळे. गाडी ओढते तेव्हा तीन ठोकळे दबतात, थ्रॉटल सोडला की उरलेले तीन. साखळीने गमावलेली मऊपणाची बाजू अशी हबमधून परत मिळाली. हीच रचना घेऊन 1955 मध्ये एनफील्डची बुलेट मद्रासला आली आणि पुढे तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात वर्षानुवर्षं तशीच बनत राहिली.

म्हणूनच जुन्या चार गिअरच्या बुलेटचं मागचं काम घरी काढलं की हा सगळा वंश एकेक करून हाताला लागतो. चाक गाडीवर असतानाच पहिली परीक्षा करावी: टायर घट्ट धरून मागचं दातेरी चाक हलवून पाहायचं. ते ठणठण वाजत मागेपुढे होत असेल तर रबरं गेली. ड्रम उतरवला की आत काळी भुकटी आणि चपटे झालेले ठोकळे दिसतात. नवे ठोकळे आत जाता जात नाहीत. तिथे ग्रीस किंवा ऑइल लावायचा मोह टाळायचा, कारण तेलाने रबर फुगतं नि कुजतं. साबणाचं पाणी लावून, सहाही ठोकळे आधी उभे करून, वरून ड्रम दाबत न्यायचा.

दात नीट पाहावेत. झिजलेले दात एका अंगाने पोखरलेले आणि टोकाला वाकलेले असतात. या गाडीत दातेरी चाक वेगळं नसतं, ब्रेकच्या ड्रमवरच दात कापलेले असतात. दात गेले की ड्रमच बदलावा लागतो, नाहीतर लेथवर जुने दात उतरवून नवी रिंग बसवून घ्यावी लागते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात अशी कामं करणारे हात आहेत. रिंग ड्रमच्या केंद्राशी तंतोतंत जुळली पाहिजे. ती केसभर जरी सरकली, तरी प्रत्येक फेऱ्यात चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल होते. पुढचं दातेरी चाक क्लचच्या मागे दडलेलं असतं, म्हणून पुष्कळजण ते तसंच ठेवतात. ते ठेवू नये. जुन्या दातांवर नवी चेन फार दिवस टिकत नाही.

चेन आधी रॉकेलमध्ये धुवून सुकवावी आणि मगच मापावी. तिच्या प्लेटा लांबत नाहीत. पिन आणि बुश झिजतात, आणि प्रत्येक सांध्यातली ती थोडी थोडी झीज साठून चेन लांब होते. बुलेटच्या चेनमध्ये दोन पिनांमधलं अंतर 5/8 इंच, म्हणजे 15.875 मिलिमीटर. चेन जमिनीवर ताणून एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या विसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजलं तर नव्या चेनला 317.5 मिलिमीटर भरतात. दोन टक्के वाढ ही जुनी मर्यादा. 324 च्या घरात गेलेली चेन काढून टाकावी. तेल द्यायचं तेही बुश डोळ्यांपुढे ठेवून. रोलरवर ओतलेलं तेल नुसतं धूळ गोळा करतं. आतली आणि बाहेरची प्लेट जिथे एकमेकींना चिकटून असतात, त्या फटीत नव्वद नंबरचं ऑइल सोडलं तरच ते पिनेपर्यंत पोचतं. पूर्वी जाणते लोक चेन उतरवून गरम पातळ ग्रीसमध्ये बुडवून ठेवत, ते याचसाठी. 1970 च्या दशकात ओ-रिंगची चेन आली आणि ग्रीस कारखान्यातच बुशाच्या आत बंद होऊन येऊ लागलं.

साखळीला टाळून जाणारेही झाले. बेल्जियमच्या एफएनने 1905 मध्येच शाफ्ट लावला, 1923 मध्ये माक्स फ्रिट्झच्या बीएमडब्ल्यू आर 32 ने तो कायमचा केला, आणि 1980 मध्ये हार्ली-डेव्हिडसनच्या स्टर्जिसवर पट्टा परतला, मात्र दात घेऊन. बाकीच्या बहुतेक गाड्या रेनॉल्डच्या घराण्यातल्याच राहिल्या. त्यांच्या मापांतली इंचाची भाषाही गेली नाही. दुकानात 428 ची चेन मागतो तेव्हा पहिला 4 म्हणजे चार अष्टमांश, अर्थात अर्धा इंच. 520 मधला 5 म्हणजे बुलेटचं तेच 5/8 इंच.

चेन चढवताना तिची टोकं जोडणाऱ्या लॉकचं बंद तोंड चेन ज्या दिशेने पळते तिकडे ठेवावं. चेनचा ताण ठरवणारे अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांचे गोगलगायी कॅम सारख्याच खाचेवर आणावेत, तरीही जुन्या चासीचा भरवसा न धरता दोन्ही चाकांना दोरी लावून सरळ रेष पाहावी. झोल मोजण्याआधी चाक फिरवून चेन सगळ्यात ताठ कुठे होते ती जागा शोधावी आणि कुणाला तरी सीटवर बसवावं, कारण गिअरबॉक्सचा शाफ्ट, स्विंगआर्मचा सांधा आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत येतात तेव्हाच चेन सर्वांत जास्त ताणली जाते. त्या स्थितीत वीस-पंचवीस मिलिमीटर झोल ठेवावा. नव्या चेनच्या पिना बुशात बसता बसता ती पहिल्या काही शे किलोमीटरांतच थोडी सैल पडते, तेव्हा कॅम एखादी खाच पुढे घ्यायची तयारी ठेवावी.