पत कोणाच्या नावावर?

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कादंबरी शिकवताना पैशाचा विषय टाळता येत नाही. नायिकेच्या वाट्याला वर्षाकाठी किती पौंड येतात, मृत्युपत्रात कोणती अट घातली आहे, इस्टेट शेवटी कोणाकडे जाणार, ह्यांवर कितीतरी कथानके उभी आहेत. परंतु ह्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या स्त्रियांनी स्वतःचा पैसा कोठे गुंतवला होता, हा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. तो विचारला तर वाङ्मयाच्या इतिहासातून एक वाट वित्तव्यवहाराच्या इतिहासात शिरते, आणि पुढे ती आजच्या प्रायव्हेट इक्विटी नावाच्या व्यवसायापर्यंत जाते. त्या वाटेने थोडे चालून पाहण्याचा आमचा विचार आहे.

स्त्री आणि गुंतवणूक ह्यांच्या इतिहासात आम्हांला तीन पायऱ्या दिसतात. पैसा स्वतःच्या नावावर असणे ही पहिली. तो कोठे घालायचा हे स्वतः ठरवणे ही दुसरी. आणि दुसऱ्यांनी आपला पैसा तिच्या निर्णयावर सोपवणे ही तिसरी. पहिल्या दोन पायऱ्यांवर स्त्रिया पुष्कळ आधी पोहोचल्या होत्या. तिसरीवर मात्र त्यांना फार काळ थांबावे लागले. कारण तेथे हातात पैसा असून भागत नाही, लोकांत पत लागते, आणि ती पत देणारे लोक दुसरेच असतात.

ब्राँटे भगिनींचे उदाहरण घ्या. १८४२ मध्ये मावशीच्या निधनानंतर शार्लट, एमिली आणि ॲन ह्यांना प्रत्येकी सुमारे तीनशे पौंडांचा वारसा मिळाला. तो त्यांनी यॉर्क अँड नॉर्थ मिडलंड रेल्वेच्या शेअरांत गुंतवला, आणि सगळा व्यवहार पाहिला एमिलीने. वर्तमानपत्रात रेल्वेविषयी जे जे छापून येई ते ती बारकाईने वाचत असे. शार्लटला शेअर विकून टाकावेत असे वाटत होते. परंतु एमिलीला दुखवण्यापेक्षा तोटा सोसलेला बरा, अशा भावनेने ती गप्प राहिली. १८४९ मध्ये ‘रेल्वेचा राजा’ म्हणवल्या जाणाऱ्या जॉर्ज हडसनचे साम्राज्य कोसळले आणि शार्लटची भीती खरी ठरली. ‘वदरिंग हाइट्स’ची लेखिका बाजारभावांचे रकाने वाचत बसली आहे, हे चित्र आपल्या मनातल्या एमिलीशी जुळत नाही. परंतु त्या कादंबरीतला हीथक्लिफ गहाणखते आणि वारसाहक्क ह्यांच्याच जोरावर दोन घरे गिळतो, हे आठवले की ते चित्र तितकेसे विसंगत वाटत नाही.

ह्या बहिणी तेव्हा अविवाहित होत्या, हे येथे महत्त्वाचे. त्या काळच्या इंग्लंडच्या सर्वसाधारण कायद्यानुसार विवाह होताच पत्नीची जंगम मालमत्ता पतीची होई. अविवाहितेला किंवा विधवेला शेअर बाळगता येत. सधवेला ते आपल्या नावावर ठेवणे अवघड होते. १८७० आणि १८८२ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीच्या कायद्यांनी ही स्थिती बदलली. मराठीत ‘पत’ आणि ‘पती’ हे शब्द शेजारी शेजारी बसतात. तो निव्वळ ध्वनीचा योगायोग असला, तरी त्या समाजात स्त्रीची पत पतीच्या दारातूनच येत होती.

जॉर्ज एलियटच्या बाबतीत हे अधिकच स्पष्ट होते. १८६० मध्ये ‘द मिल ऑन द फ्लॉस’ प्रसिद्ध झाली. मिस्टर टुलिव्हरचे दिवाळे आणि त्याच्या कुटुंबाची वाताहत हा तिचा गाभा. त्याच वर्षी लेखिकेच्या कमाईतून शेअर घेतले गेले ते ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली ती ह्याच कंपनीची. शेअर खरेदीचा व्यवहार जॉर्ज हेन्री लुईस ह्यांच्या हातून झाला. हे दोघे पतिपत्नीसारखे एकत्र राहत होते. परंतु लुईस ह्यांचा पहिला विवाह कायद्याने मोडलेला नसल्यामुळे त्यांना लग्न करता आले नव्हते. १८७८ च्या नोव्हेंबरात लुईस वारले, तेव्हा तिच्याच लेखणीने मिळवलेली मिळकत त्यांच्या नावावर होती. ती हाती घेण्यासाठी पुढच्या वर्षाच्या आरंभी तिला दस्तऐवज करून ‘लुईस’ हे नाव कायदेशीररीत्या धारण करावे लागले. पुस्तकांवर पुरुषी टोपणनाव, शेअरांसाठी आणखी एक नाव आणि जन्माचे नाव मेरी ॲन एव्हन्स! पुढे १८८० मध्ये तिने लग्न केले ते जॉन क्रॉस ह्यांच्याशी. तेही तिची गुंतवणूक सांभाळणारेच गृहस्थ होते.

‘मिडलमार्च’मधली डोरोथिया स्वतःच्या सातशे पौंडांच्या वार्षिक उत्पन्नाचे काय करावे ह्या विवंचनेत असते. चांगले काम करण्याची तिला तळमळ आहे. पण घरांचे नकाशे काढण्यापलीकडे तिच्या हाती काही येत नाही. एलियटने डोरोथियाला पैसा दिला आणि सद्‌हेतू दिला. पैसा कामाला लावण्याचा व्यवसाय मात्र दिला नाही. तो तेव्हा स्त्रीसाठी नव्हताच, आणि वास्तववादी लेखिकेने नसलेली गोष्ट दाखवली नाही.

मराठी वाचकाने ह्या शेअरांचा मागोवा आणखी थोडा घ्यायला हवा. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी होती. गाडीला नफा होवो वा न होवो, तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघे. दादाभाई नौरोजींनी पुढे संपत्तीच्या निचऱ्याचा जो हिशेब मांडला त्यात रेल्वेवरील व्याजाची बाबही आहे. १८६० मध्ये हीच कंपनी बोरघाट फोडत होती. तेथे चाळीस हजारांहून अधिक मजूर राबले, आणि पटकीसारख्या रोगांनी त्यांतले हजारो दगावले. लंडनमधल्या लेखिकेला मिळालेले आर्थिक स्वातंत्र्य आणि खंडाळ्याच्या कड्यावरचे हे मरण एकाच खात्यात नोंदले गेले आहे. त्यामुळे एलियटचे मोठेपण कमी होत नाही. पण भांडवलाचा लाभ स्त्रीला मिळाला म्हणून त्याच्या दुसऱ्या टोकाकडे पाहू नये, असा नियम आम्हांला मान्य नाही.

त्याच घाटात आणखी एक स्त्री भेटते. पहिल्या कंत्राटदाराने काम सोडल्यावर १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार इंग्लंडहून आला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून वारला. त्याची पत्नी ॲलिस हिला कंत्राट सोडून परत जाता आले असते. तिने ते स्वतःकडे ठेवले, ॲडमसन आणि क्लाउजर ह्या दोन अनुभवी अभियंत्यांवर प्रत्यक्ष कामाची व्यवस्था सोपवली, आणि पंचवीस बोगद्यांचा तो मार्ग १८६३ मध्ये वाहतुकीला खुला झाला. जोखीम आपल्याकडे ठेवायची, कामासाठी योग्य माणसे निवडायची आणि शेवटपर्यंत टिकायचे, ही आजच्या खासगी भांडवलाच्या व्यवसायाचीच रीत. मात्र ॲलिसलाही ही संधी विधवा म्हणूनच मिळाली.

तिसऱ्या पायरीची खरी परीक्षा न्यूयॉर्कमध्ये झाली. १८७० मध्ये व्हिक्टोरिया वुडहल आणि टेनेसी क्लॅफ्लिन ह्या बहिणींनी तेथे दलालीची पेढी उघडली. वर्तमानपत्रांना तो एक तमाशा वाटला, आणि पेढी फार काळ चालली नाही. हेटी ग्रीन (१८३४–१९१६) हिने वारशाची संपत्ती कित्येक पटींनी वाढवली. १९०७ च्या मंदीत न्यूयॉर्क शहराने तिच्याकडून कर्ज घेतले. पण ती स्वतःचाच पैसा गुंतवीत होती, आणि तिच्या काटकसरीच्या खऱ्याखोट्या कथा सांगत लोकांनी तिला ‘वॉल स्ट्रीटची चेटकीण’ हे नाव चिकटवले. कंजूष धनिक पुरुष फार तर विक्षिप्त ठरतो. त्याच गुणाची स्त्री चेटकीण ठरते. ह्या नामकरणाचा अभ्यास वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनीच करावा.

म्युरिएल सीबर्ट हिची कथा ह्या दृष्टीने सर्वांत बोलकी आहे. न्यूयॉर्क शेअर बाजारात स्वतःची जागा विकत घेण्यासाठी तिला एका पुरस्कर्त्याची गरज होती. पहिल्या नऊ जणांनी नकार दिला. मग बाजाराने नवीच अट घातली: ४,४५,००० डॉलरच्या किमतीपैकी ३,००,००० डॉलर कर्जाऊ देऊ, असे बँकेचे पत्र आधी आणा. बँका म्हणत, बाजार जागा देणार असेल तरच पत्र देऊ. पतीशिवाय पत नाही ह्या जुन्या कोड्याची जागा पतीशिवायच्याच, पण तितक्याच बंद अशा नव्या कोड्याने घेतली होती. अखेर एका बँकेने पत्र दिले, आणि २८ डिसेंबर १९६७ रोजी १,३६५ पुरुषांच्या त्या संस्थेत ती एकमेव स्त्री सभासद झाली. लंडनच्या शेअर बाजारात स्त्रियांना प्रवेश मिळायला १९७३ साल उजाडले.

आपल्याकडचा प्रवास वेगळ्या दिशेने झाला. स्त्रीधनाची कल्पना येथे जुनी. विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरे’त तिचा अर्थ बराच व्यापक केलेला आढळतो. पण प्रत्यक्षात वारशाने आलेल्या इस्टेटीवर विधवेचा हक्क मर्यादित राहिला, तो १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापर्यंत. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मतः वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिला. म्हणजे पहिली पायरी पूर्ण होण्याआधीच काही स्त्रिया तिसरीवर पोहोचल्या होत्या, आणि त्या घराण्याच्या दारातून आल्या नाहीत, नोकरीच्या दारातून आल्या. १९५५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या आयसीआयसीआय ह्या वित्तसंस्थेत १९७१ मध्ये लागलेल्या ललिता गुप्ते पुढे सहव्यवस्थापकीय संचालक झाल्या. १९९३ मध्ये तर्जनी वकील एक्झिम बँकेच्या प्रमुखपदी आल्या. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून वस्त्रोद्योग अभियांत्रिकी शिकलेल्या रेणुका रामनाथ १९८६ मध्ये आयसीआयसीआयमध्ये आल्या आणि २००१ पासून त्या गटाच्या आयसीआयसीआय व्हेंचर ह्या कंपनीच्या प्रमुख होत्या. २००९ मध्ये, जागतिक मंदीचे सावट असतानाच, ती खुर्ची सोडून त्यांनी ‘मल्टिपल्स’ ही स्वतःची संस्था उभारली.

ह्या शेवटच्या पावलाचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. खासगी भांडवलाचा निधी निवृत्तिवेतन निधी, विमा कंपन्या अशा मोठ्या ठेवीदारांकडून साधारण दहा वर्षांसाठी जमवला जातो. तो पैसा बहुधा बाजारात नोंद नसलेल्या कंपन्यांत जातो. शेअरासारखा रोजचा भाव त्याला नसतो, आणि मन बदलले म्हणून सहज काढताही येत नाही. देणारा माणूस पाहून देतो. त्याने आजवर काय केले ते पाहून देतो. पूर्वीचा दाखला नसेल तर निधी मिळत नाही, आणि निधी नसेल तर दाखला तयार होत नाही. सीबर्टच्या पत्राचे कोडे ते हेच. नोकरीतील वर्षे हाच येथे दाखला ठरला. म्हणून स्त्रियांना वित्तसंस्थांत निर्णयाच्या जागी नेमले जाणे ही नुसती सोयीची बाब नव्हती. स्वतंत्र व्यवसायाची पत तेथेच साठत होती. ज्या स्त्रियांना त्या जागा मिळाल्या नाहीत, त्यांचे गुण कोणत्याच हिशेबात दिसत नाहीत.

मराठी स्त्रियांच्या आत्मचरित्रांत घरखर्चाचा हिशेब पानोपानी आहे. महिनाअखेर, गहाण पडलेले दागिने, मुलांच्या शिक्षणाची तजवीज हे सारे त्यांत येते. भांडवल म्हणून पैशाकडे पाहणारी, जोखीम तोलणारी, दुसऱ्याच्या पैशाला जबाबदार असणारी स्त्री मात्र आमच्या वाचनात कादंबरीची नायिका म्हणून फारशी आलेली नाही. एलियटला ती दाखवता आली नाही, कारण तिच्या काळात तशी स्त्री अपवादानेच होती. आज ती मुंबईत आहे. तिच्यावर लिहिताना तिचे यश जसे यायला हवे, तसे तिच्या निधीचे दुसरे टोकही यायला हवे: तो पैसा कोणत्या कारखान्यात गेला, तेथे कोणाचे घाम गाळणे वाढले, कोणाची नोकरी टिकली. बोरघाटाच्या हिशेबातून एवढे तरी शिकायला हरकत नसावी.